मोहखेडीचं इमानतळं

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तरुणपणी एक विमानतळ बांधला होता. साताऱ्याच्या आमच्या घरात पाहुणा आला की चहाच्या आधी हा विमानतळ यायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पाहुण्यांना आधी घोटभर चहा तरी घेऊ द्या, मग उतरवा विमान!"

गोष्ट अशी. नागपूरकडच्या एका गिरणीमालक शेठजींची वर्धा जिल्ह्यात डोंगरावर संत्र्याची बाग होती. शेठजींनी हौसेनं एक छोटं विमान घेतलं आणि बागेत विमानानंच जायचं ठरवलं. त्यासाठी डोंगरावरच्या पठारावर खासगी धावपट्टी आखायचं काम अण्णांना मिळालं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे, नुकतेच ओव्हरसियर झालेले. पट्टी झाली, उद्घाटनाला विमान आलं, उतरलं, पण थांबेना. उतारावरून सावकाश पुढे पुढे जात राहिलं आणि पट्टीच्या टोकाला मुरूम काढून झालेला मोठा खड्डा होता, त्यात नाक खुपसून उभं राहिलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. स्वागताचा हार घेऊन लोक खड्ड्याकडे धावले आणि शेठजींनी गुडघाभर चिखलात उभं राहून तो घालून घेतला. दुसऱ्या दिवशी अण्णा घरी परत निघाले. कायमचे.

"पायलट उलट्या बाजूनं उतरला," हे अण्णांचं गेल्या पन्नास वर्षांचं म्हणणं. "खालच्या टोकाकडून उतरून वर चढत जायचं होतं. ढाळ होता, पण तो नियमात. बारा फूट. या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा फूट, एक इंच जास्त नाही."

गेल्या दिवाळीत माझ्या नव्या जावयानं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. तो इंजिनिअर. त्यानं फार आदरानं विचारलं, "आजोबा, काम झाल्यावर ढाळ पुन्हा मोजला होता का?"

अण्णांचा लाडू हातातच राहिला. आठवड्यानं मला म्हणाले, "नंदा, वर्ध्याची दोन तिकिटं काढ. मी पट्टी मोजून येतो."

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे डोंगर-पठार म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. शिवाय त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला एकटं सोडणार कोण? आम्ही निघालो.

वर्धा

आमच्या सामानात दोन बॅगा, एक डबा आणि डंपी लेव्हल. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवायची दुर्बीण. दूर कुणीतरी आकड्यांची लांब फळी धरून उभं राहतं, दुर्बिणीतून ते आकडे वाचायचे आणि जमीन कुठे वर, कुठे खाली ते काढायचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना अण्णांनी मोडीत निघालेली एक घेऊन ठेवली होती. दर दसऱ्याला तिला झेंडूचं फूल मिळतं, त्यापलीकडे तिनं पंधरा वर्षांत काही पाहिलं नव्हतं. गाडीत एकानं ती तिपाई म्हणजे मोडलेली खाट समजून आम्हाला चांगला सुतार सुचवला.

वर्ध्याला सकाळी उतरलो आणि स्टेशनबाहेर पोहे मागवले. साताऱ्यात पोहे म्हणजे वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. इथे पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात. आम्ही सातारकर आपल्या तिखटाबद्दल उगाच छाती फुगवत असतो. अण्णांनी तीन घास खाल्ले आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिखट आहे का हो?" मी विचारलं.

"छे. धूळ गेली डोळ्यात," अण्णा म्हणाले आणि चौथा घास घेतला. कान लाल झाले होते, पण सातारा हरला नाही.

पुढे हिंगणीला जायला काळीपिवळी मिळाली. जीपगाडीत किती माणसं बसतात याचं उत्तर आमच्याकडे दहा आहे, इथे 'अजून एक'. ड्रायव्हरनं लेव्हलची तिपाई टपावर बांधली, फळी मात्र आतच, सगळ्यांच्या मांड्यांवरून आडवी. त्यामुळे तिच्याविषयी बोलणं भागच होतं.

कापसाचं गाठोडं घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "साहेब, मोजनीले चालले का?"

"हो, मोजायलाच चाललोय," अण्णा म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नाही.

"कुठची मोजनी?"

"मोहखेडीच्या विमानतळाची."

गाडीतल्या सगळ्यांनी एकदम फळीकडे पाहिलं. मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी फोन काढला आणि खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात बोलायला लागले. मला वाटलं, घरी बोलत असतील. तसे ते घरीच बोलत होते. त्यांचं घर मोहखेडीत होतं.

हिंगणी

हिंगणीत आमचा मुक्काम तुकाराम रामटेके यांच्याकडे. पन्नास वर्षांपूर्वी ते अण्णांचे खलाशी होते, म्हणजे मोजणीत ती आकड्यांची फळी धरून उभे राहायचे. तेव्हा वय अठरा-एकोणीस. त्यांचा पत्ता अण्णांनी कसा शोधून काढला, तो वेगळाच पराक्रम, त्यात तीन पोस्टमन दमले.

गाडी चौकात थांबली. अण्णांनी खिडकीतून पाहिलं आणि अर्ध्या शतकाचा आवाज लावला, "तुकाऽऽ! अरे ए तुका!"

चहाच्या टपरीवर बसलेली पाच-सहा माणसं दचकून वळली. पांढरा कडक शर्ट, चष्मा, खिशाला पेन असे एक गृहस्थ पुढे आले, तसे हे सगळे उभे राहिले. "नमस्ते सर. सर, गाडी आनू का? सर, तुमचे पाहुणे काय?"

तुका आता सर होते. खलाशीपणा करता करता मॅट्रिक झाले, पुढे शिकले, नाचणगावच्या शाळेत उभी नोकरी केली आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. अण्णांची मोठी पंचाईत झाली. 'अरे तुका' म्हणायची आता सोय नाही आणि 'अहो' जिभेवर येईना. तेव्हा त्यांनी त्या संध्याकाळी मराठी भाषेत एक नवीनच वाट काढली.

"घरी कोण कोण असतं? शाळा कधी सोडली गेली? चहा बिनसाखरेचा घेतला जातो वाटतं?"

सरांनी अर्धा तास हे सहन केलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, तुका म्हना नाहीतर सर म्हना. पन असे मधात लटकू नोका."

अण्णा लाजले. मग खुर्चीत नीट बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "बरं, सर." सरांच्या पत्नी कुसुमताई दारात होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, ते मला दिसलं नाही.

जेवायला सोल्याची भाजी होती. सोले म्हणजे ओल्या तुरीचे हिरवे दाणे, थंडीत मिळतात. पातळ, झणझणीत आणि अशी चवदार की मी भाकरी मोजायचं सोडून दिलं. आमच्याकडे वाढणारी विचारते, 'आणखी वाढू का?' आणि आपण 'नको' म्हणून पुन्हा आग्रहाची वाट पाहतो. कुसुमताई विचारतच नव्हत्या. मी ताटावर हात आडवा धरला तर त्यांनी हात बाजूला केला आणि वाढलं.

"घ्या नं, कायले लाजता? सातारा काय रोज येते का इथे?"

जेवताना अण्णांनी सहज विचारलं, "सर, वर पट्टीवर अधूनमधून जाणं होतं का?"

सरांचा घास थांबला. "नाई साहेब. त्या दिवसानंतर मी कधी वर गेलोच नाई."

"पन्नास वर्षांत एकदाही नाही?"

"काम पडलं नाई," सर म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलला. हिंगणीहून मोहखेडी गाडीनं तासाभराच्या आत. मला ते थोडं विचित्र वाटलं.

पठार

सकाळी सरांच्या गाडीनं निघालो. सर स्वतः चालवत होते, ताशी वीसच्या वेगानं, आणि दर वळणावर लांबलचक हॉर्न.

"समोरून कोणी येतं का?" मी विचारलं.

"माणूस नाई येत. पन वाघाले कळलं पाहिजे आपन येऊन राह्यलो."

त्यानंतर प्रत्येक वळणावर मीही मनातल्या मनात हॉर्न वाजवला. दोन्ही बाजूंना साग, मधूनच मोहाची मोठी झाडं. चढ संपला तसं एकदम आभाळ मोकळं झालं. वेचायला आलेला पांढरा कापूस, पिवळी पडत चाललेली तूर आणि पांढरी, उंच, कोरीव शिंगांची गवळाऊ जनावरं. ही या भागाची खास जात. सातारकर म्हणून मी एरवी याला डोंगर म्हटलं नसतं, टेकाड म्हटलं असतं. पण वर उभं राहून खाली पाहिलं, तेव्हा टेकाड हा शब्द मागे घेतला.

मोहखेडीच्या पहिल्याच घराशी अण्णांनी काच खाली केली. "विमानतळ कुठे हो?"

"इमानतळं? हे असे सरळ जा. लिंबापासून खाली."

सरळ गेलो, कडुलिंबापासून खाली उतरलो आणि एका तळ्यापाशी पोचलो. चांगलं ऐसपैस, काठोकाठ भरलेलं. म्हशी डुंबत होत्या, बाया कपडे धूत होत्या. अण्णा म्हणाले, चुकलो. परत गेलो. दुसऱ्या माणसाला विचारलं. त्यानं पुन्हा त्याच तळ्यावर पाठवलं. तिसऱ्यानं तर गाडीच्या पुढे सायकल घालून आम्हाला स्वतः तळ्यावर आणून सोडलं.

"अहो, हे तळं आहे!" अण्णा वैतागले. "मला विमानतळ पाहिजे, विमानतळ!"

"हेच तर इमानतळं हाय, बावाजी. इमान यातच पडलं होतं ना!"

अण्णा खाली उतरले. तळ्याच्या पलीकडे नजर टाकली. काठापासून मागे, वर वर चढत गेलेला, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधे सरळ मोकळा असा गवताचा पट्टा होता. कुठे तुरीच्या काड्यांचे ढीग, कुठे क्रिकेटच्या तीन काठ्या. ती धावपट्टी होती, आणि हे तळं म्हणजे तो मुरुमाचा खड्डा.

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

पण भावनेला फार वेळ मिळाला नाही, कारण गाव आलं. काळीपिवळीतल्या फोननं आपलं काम चोख केलं होतं. चाळीस-पन्नास माणसं, निम्म्यांच्या हातात सातबाऱ्याचे कागद. पुढे सरपंच छायाताई, वय पस्तिशीच्या आसपास, पायात बूट, हातात वही.

"नमस्कार साहेब. आधी जेवा, मंग मोजा," त्या म्हणाल्या.

"अहो, मी साहेब नाही. मी निवृत्त आहे. घरचाच माणूस समजा."

मागून एक आजोबा म्हणाले, "रिटायर मानसाले एवढी मोठी दुर्बीन कोन देते?"

अण्णा जितकं खरं सांगत तितका गावाचा संशय पक्का होत होता. आम्हाला लिंबाखाली बसवून रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप. ते इतके सुरेख होते की आपण सरकारी माणूस नाही हे सांगण्याची अण्णांची इच्छा दुसऱ्या रोडग्यानंतर बरीच कमी झाली.

मग मोजणी. सरांनी कडक पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि फळी उचलली.

"सर, तुम्ही नका. दुसऱ्या कुणाला तरी—"

"फळी मीच धरनार," सर म्हणाले. आवाज मुख्याध्यापकाचा होता. अण्णा तिपाईकडे वळले.

सर लांब जाऊन फळी धरून उभे राहिले. अण्णांनी लेव्हल लावली, आकडा वाचला, मी वहीत लिहिला. छायाताईंनी विचारलं, "मी पाहू का?" त्यांनी डोळा लावला आणि किंचाळल्या, "अगं माय! सर उलटे लटकून राह्यले!"

जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. पण हे सांगेपर्यंत अख्खा गाव रांगेत उभा होता. सर डोकं खाली, पाय वर करून फळी धरताना बघायची संधी कुणालाच सोडायची नव्हती. पाऊण तास काम बंद. सर बिचारे उन्हात उभे, आपल्याला बघून लोक का हसतायत ते कळेना. एका बाईंनी तर त्यांना लांबून ओरडून विचारलं, "सर, चक्कर तर येऊन नाई राह्यली?"

टप्प्याटप्प्यानं आम्ही वरच्या टोकापासून तळ्यापर्यंत आलो. मी बेरीज-वजाबाकी केली आणि वही अण्णांकडे दिली. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"उलटं मोजत वर जायचं," ते म्हणाले. "तपासणी."

उलटं मोजत वर गेलो. उत्तर तेच. एकोणीस फूट.

"बारा हवे होते," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पन्नास पावसाळे झालेत. माती वाहून गेली असेल," मी म्हणाले.

"मुरूम दाबून बसवलेला आहे. सात फूट वाहत नाही." ते तुरीच्या काड्यांवर बसले. बराच वेळ तिपाईचा स्क्रू उगाच फिरवत राहिले. "पायलटचं काही चुकलं नव्हतं, नंदा. हा ढाळच भलताच आहे. मी चुकलो."

तेवढ्यात सर फळी घेऊन पोचले. त्यांनी वहीतला आकडा पाहिला आणि फळी खाली ठेवली.

"चूक तुमची नाई, साहेब. माही हाय."

"तुमची कशी? आकडे मी वाचले होते."

"तुमी दुर्बीन उचलून पुढे नेत होते, तवा मले म्हनत, 'तुका, जागा सोडू नको.' त्या दिवशी मी सोडली. मॅट्रिकची परीक्षा जवळ आलती. पलीकडे झाडाच्या सावलीत बसून भूगोल वाचत बसलो. तुमी आवाज दिला, तसा धावत येऊन फळी उभी केली. पन आधी फळी कोन्या दगडावर होती तेच ध्यानात नाई राह्यलं. बहुतेक खालचा धरला, अन् पुढची सारी मोजनी तेवढी चुकली." सरांचा चष्मा धुरकट झाला होता. "मी पास झालो अन् तुमची नोकरी गेली. कोन्या तोंडानं वर येऊ?"

भूगोलाचा असा उपयोग मी कधी ऐकला नव्हता. पण अण्णा उसळून उभे राहिले.

"काही तरी सांगू नका! खलाशी चुकतो म्हणूनच दुसऱ्यांदा मोजायचं असतं. ते माझं काम होतं. आणि मी मोजलं नाही, कारण—" माझ्याकडे चोरून पाहत ते म्हणाले, "कारण मी वर्ध्याला सिनेमाला गेलो होतो."

"अण्णा!"

"दोन खेळ पाहिले. लागोपाठ."

"पन दगड मी चुकलो!" सर म्हणाले.

"तपासलं मी नाही!"

"चूक माही हाय!"

"माझी आहे, सांगितलं ना एकदा!"

दोन म्हातारे एकमेकांवर बोटं रोखून स्वतःची चूक ओढून घेत होते. गाव भोवती गोळा झालं. छायाताईंनी मला विचारलं, "काऊन भांडून राह्यले?" मी सांगितलं: ढाळ सात फुटांनी जास्त निघाला.

छायाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून गावाला सांगितलं आणि एकदम गलका झाला. गावाला काय भीती होती ते तेव्हा कुठे मला समजलं.

"साहेब, दुरुस्त नोका करू!" छायाताई पुढे आल्या. "पट्टी सपाट नोका करू. हा ढाळ हाय म्हनून पठारावरचं सारं पानी खाली उतरते. आजूबाजूच्या गावाइले उन्हाळ्यात टँकर लागते. आमचं इमानतळं मे महिन्यातबी आटत नाई. जनावरं, घरं, खालची वावरं, समदं याच्यावर हाय. इमान नोको आमाले. ढाळ राहू द्या."

अण्णा तळ्याकडे बघत राहिले. दुपारची जनावरं पाण्यावर येत होती, एकामागून एक. "बारा फूट असता तर पाणी उतरलं नसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्धंबी नसतं उतरलं," मघाचे आजोबा म्हणाले. "वरतंच पसरून सुकलं असतं. ज्यानं कोनी हा ढाळ देल्ला, हुशार मानूस असन."

अण्णांनी घसा खाकरला.

"ढाळ मी दिला," ते म्हणाले.

"दगड म्या निवडला होता," सर लगेच म्हणाले.

"पण आखणी माझी!"

"पन तुमच्या आखनीत बाराच होते, साहेब. वरचे सात माहे हायेत!"

आणि भांडण पुन्हा सुरू झालं. तीच माणसं, तीच बोटं, फक्त आता उलट्या दिशेनं. मी लिंबाखाली जाऊन बसले आणि उरलेला रोडगा संपवला.

शेवटी छायाताईंनी तोड काढली. गावाला लेखी पाहिजे होतं. त्यांनी वहीचं पान फाडून दिलं आणि अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, की मी निवृत्त माणूस, आज स्वतःच्या समाधानासाठी ही पट्टी मोजली, ढाळ एकोणीस फूट भरला, आणि माझ्या मते तो आहे तसाच कायम ठेवावा. सरांनी कागद हातात घेतला, खिशातलं पेन काढलं आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. अण्णांनी ते निमूट सोसलं. सही करायची वेळ आली तेव्हा अण्णांनी पेन सरांपुढे धरलं.

"आधी तुम्ही, सर."

"नाई साहेब. तुमी ओव्हरसियर होते."

"सात तुमचे आहेत. करा सही."

सरांनी सही केली. खाली अण्णांनी. छायाताईंनी वर पंचायतीचा शिक्का मारला आणि कागद मोठ्यानं वाचून दाखवला. लोक समाधानानं पांगायला लागले.

मी तिपाई मिटली. लेव्हल पेटीत ठेवली. ऊन कलत होतं आणि वाघाला हॉर्न ऐकू जाईल अशा वेळेत मला खाली उतरायचं होतं. तेवढ्यात कपडे धुऊन झालेल्या एक बाई डोक्यावर पाटी घेऊन अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माह्या घरापुढची नाली हाय नं. नवीन बांधली, पन पानी उलटं घरात येते. एकडाव पाहून घेजा नं?"

"अण्णा, उशीर होतोय," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्या हातून पेटी घेतली आणि कडी काढली.

"सर," ते म्हणाले, "फळी घ्या. आणि या वेळी जागा सोडायची नाही."

"पुस्तक आनलंच नाई, साहेब," सर म्हणाले आणि फळी खांद्यावर टाकून त्या बाईंच्या मागे चालू लागले.